माशाच्या तेलाची डबी

आमच्या कुत्रीच्या पोटावरची गाठ काढून दहा दिवस झाले, तरी टाक्यांची जागा ओलीच होती. कांचघर मोहल्ल्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, “खाने में क्या देते हो?” केस चमकावेत म्हणून रोज माशाच्या तेलाची कॅप्सूल देते, असं मी ऐटीत सांगितलं.

“घाव भरने तक बंद. शुरू में थोड़ी सूजन चाहिए, ये तेल शायद उसी को दबा रहा है.”

शायद! त्या शब्दावर चिडतच मी घरी आले.

कॅप्सूल हवी तर पंजा दे, हे मीच तिला शिकवलेलं. आता रोज सकाळी ती डबीसमोर बसून पंजा पुढे करते.

“काहून नाही देऊन राहिली तिला?” आई विचारते. आईला समजावता तरी येतं.

मी हात मागे घेते. कुत्री जरा थांबते आणि दुसरा पंजा देते.