अक्काचे दोन भोपळे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतो आहे — का, ते विचारू नका, मलाच धड ठाऊक नाही.

अक्का म्हणजे माझी आत्या. अमळनेरजवळच्या आमच्या गावात तिनंच मला वाढवलं. पोहायलाही तिनंच शिकवलं — पाठीला दोन सुके भोपळे बांधायची आणि मळ्यातल्या विहिरीत सरळ ढकलून द्यायची. मागोमाग लुगड्याचा काष्टा मारून स्वतः उडी. गावातली निम्मी पोरं तिच्याच हाताखाली पाण्यात पडली. जन्मात तिनं माझ्याकडे एकच मागितलं — एकदा समुद्रात पोहायचं.

चार वर्षांपूर्वी नेलं मी तिला कोकणात. पण ऑफिसातल्या दोन कुटुंबांबरोबर नेलं. तिथं चुकलं का? नाही, तिथं नाही.

समुद्राकाठचं ते गाव सगळं कातळाचं. ओहोटी लागली की काळ्या खडकांमध्ये गळाभर संथ पाणी उरायचं. बायापोरं त्यात डुंबत होती. अक्का बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, हाई ते बिनकठडानी विहीर शे!" आणि पिशवीतून काढले — भोपळे. माझ्या पोरीसाठी वर्षभर आढ्याला टांगून सुकवलेले, एसटीत मांडीवर सांभाळून आणलेले. ते खडकावर ठेवून ती काष्टा मारायला लागली.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांच्या बायकोनं मोबाइल वर केला. माझे कान तापले. ऑफिसात मी किती जपून बोलतो, काय सांगू तुम्हाला — आमच्या बोलीचा वाससुद्धा येऊ देत नाही. मी पुढे झालो आणि हळूच म्हणालो, "अक्का, साठीपुढच्यांना इथं बंदी आहे. सरकारी." वर शेजारच्या पाटीकडे बोट दाखवलं.

पाटीवर लिहिलं होतं, कचरा टाकू नये. अक्काला वाचता येत नाही.

पाणी खवळलेलं होतं म्हणू? नव्हतं. लोकांनी तिला हसू नये म्हणून केलं म्हणू? तेही स्वतःला सांगून पाहिलं. खोटं आहे. मला तिची लाज वाटली — जिनं मला पाण्यात धरलं, तिची.

तिनं काष्टा सोडला. भोपळे पुन्हा पिशवीत ठेवले. "तू जाय. मी बठस आठे," म्हणाली. आणि मी गेलो! तासभर पोहलो. ती माझे कपडे मांडीवर घेऊन उन्हात बसून होती.

गावी परतल्यावर तिनं गल्लीभर समुद्राचं कौतुक केलं, आणि बंदीचंही सांगितलं. कुणी हसलं तर म्हणायची, भाऊनं स्वतः वाचून दाखवलं.

आता तिचे गुडघे गेलेत. खाटेवरून दारापर्यंत भिंत धरून येते. मी गेलो की आधी पाण्याचा तांब्या देते, मग विचारते. गेल्या दिवाळीतही विचारलं, "बंदी उठनी का रे भाऊ?"

मी म्हणालो, "अजून नाही, अक्का."