साडूंची ठिणगी

आमच्या साडूंइतकं जग घासून पाहिलेला माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरा नसेल. दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत ते विजेच्या इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट करत होते आणि विषय घेतला होता घर्षणानं पैदा होणारी वीज. त्यामुळे हाताला लागेल ती वस्तू ते दुसऱ्या कशावर तरी घासत. एका लग्नात नवरदेवाचा रेशमी शेला काचेच्या दांडीवर त्यांनी असा घासला की अक्षता पडायच्या आत त्याला भोक पडलं. थंडीत आमच्या मांजरीच्या पाठीवरून उलटा हात फिरवत. शेवटी तिनं शेजाऱ्यांचं घर धरलं. माझी बायको चिडली की शांतपणे म्हणत, "अक्का, संशोधन करून राह्यलो मी, खेळ न्हाई."

परतूरला ते आले ते मी कारकून होतो त्या जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यासाठी. त्यांचा प्रबंध परीक्षकांनी परत धाडला होता. इंजिनाचा चामडी पट्टा फिरताना ठिणगी पडते आणि तिनं कापूस पेटतो, हे चालू कारखान्यात दाखवा, मगच पदवी, असा निरोप होता. नेमकी तेव्हाच आमच्या जिनिंगला आग लागली होती आणि यंत्रांना तेल घालणाऱ्या सुलेमानचाचांनी बिडी ओढली असणार, असं ठरवून शेटजींनी त्यांना काढून टाकलं होतं. चाचा फाटकाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "कसम से, मैं बीडी कू हातच नई लगाता."

साडू तडक शेटजींच्या गादीसमोर गेले. "आग पट्ट्यानं लावली, चाचानं न्हाई."

"सिद्ध करा. न्हाई झालं तर उद्यापासून फाटकाच्या आत यायचं न्हाई."

"आन् झालं तर?"

"तर चाचा बराबर कामावर."

परीक्षकांच्या वतीनं साडूंचे प्रोफेसर रेल्वेनं आले. भर दुपारी पट्टा सुरू झाला. साडूंनी लोखंडी सळईच्या टोकाला तेलकट कापसाचा पुंजका लावून पट्ट्याजवळ धरला. काहीच नाही! शेटजी हसले. इतक्यात साडू खाली बघून ओरडले, "सडा कुनी घातला?" आगीच्या भीतीनं मजुरांनी जमीन भिजवली होती. ओलाव्यात ही वीज टिकत नाही. मंडळी जमीन वाळायची वाट बघत ताटकळत उभी राहिली. मग साडूंनी सळई पुन्हा धरली. चट्! ठिणगी उडाली आणि पुंजका भप्कन पेटला. मजुरांनी एकच गिल्ला केला. तो पुंजका विझवून साडूंनी पट्ट्याशेजारी जमिनीत पुरलेल्या तारेला जोडून तांब्याची फणी बसवली. पट्ट्यावरची वीज तारेतून जमिनीत जाऊ लागली. आता ठिणगी नाही. शेटजींनी स्वतः सळई धरून पाहिली, दोनदा पाहिली आणि म्हणाले, "चाचाला बोलवा. जल्दी."

चाचांनी तेलाचं भांडं हातात घेतलं तेव्हा मजुरांनी पत्र्याचे डबे बडवले. प्रोफेसरांनी हात पुढं करून "डॉक्टर" अशी हाक मारली. प्रोफेसरांशी झोपेतसुद्धा इंग्रजीच बोलणारे आमचे साडू गोंधळून एवढंच म्हणाले, "म्हंजे, झालं का हो?"

पुढं ते त्याच संस्थेत प्रोफेसर झाले. म्हातारपणी एकदा मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या हाताखाली बरीच पोरं डॉक्टरेट करत होती. मी कौतुक केलं.

"हुशार हायेत पोरं," ते हळूच म्हणाले. "पन निकाल ऐकायला, डबे बडवायला त्यांच्यामागं कुनाचं गाव उभं नसतं हो."