काकांचा बिजासाराचा पेला

लग्नाच्या पंगतीत स्वतःचा पेला घेऊन बसणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. पुसदला आमच्या शेजारी राहणारे काका, तहसील कचेरीतून बाबू म्हणून निवृत्त झालेले. पेला बिजासाराच्या लाकडाचा. संध्याकाळी त्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी ते तपकिरी झालं की उपाशीपोटी प्यायचं, म्हणजे साखर ताब्यात राहते, अशी त्याची ख्याती. जिलेबी पुढ्यात आली की काका पेला उंच धरून म्हणत, "वाढा, वाढा! आपला वकील संगं आहे." आणि मग अर्धीच खात.

त्यांची साखर खरंच ताब्यात असायची. तपासणीचा कागद शर्टाच्या खिशात असे आणि भेटेल त्याला दाखवला जाई. कोणाला मधुमेह निघाल्याचं कळलं की काका नवा पेला घेऊन दारात हजर. हे पेले फुलसावंगीहून, काकूंच्या माहेराहून यायचे. उपदेश फुकट, चहा मात्र आमचा, बिनसाखरेचा.

पेल्याच्या खऱ्या मालकीण काकू. रोज संध्याकाळी पाणी भरून वर झाकण ठेवायचं काम त्यांनी कधी दुसऱ्याला करू दिलं नाही. "माह्या हातचं पाणी आहे म्हणून गुण येते," असं त्या म्हणत. त्या गेल्यावर काका स्वतः भरू लागले, त्याच वेळेला, तेच झाकण ठेवून.

आईला मधुमेह निघाला तेव्हा अर्थातच पेला आला. आईने पेला धरला आणि गोळ्या सोडल्या. मी चिडले तर म्हणाली, "भाऊजीच्या घरी गोळीची पट्टी दिसली का तुले कधी? मंग मले कायले सांगून राह्यली?" पुढे चपलेने तिचा पाय घासला, जखम चिघळत गेली आणि शेवटी डॉक्टरांनी पायाचं एक बोट काढलं. पाय वाचेल की नाही ते चार दिवसांनी सांगू, म्हणाले.

काका दवाखान्यात आले ते पेल्याशिवाय. खाटेजवळ बसून त्यांनी चष्म्याचं घर काढलं आणि उघडून आईपुढे धरलं. आत गोळ्यांची पट्टी होती.

"वहिनी, मी गोळी पहिल्यापासून घेत होतो. हिच्यापासून लपवून. ती एवढ्या भरवशानं पाणी भरे, तिले कसं सांगू, का गुण गोळीचा आहे म्हणून? अन् ती गेल्यावर तर तोंडच उघडलं नाही."

आईने पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाली, "मले तरी सांगाचं होतं, भाऊजी." काका रडले. मला त्यांचा भयंकर राग आला होता, खोटं कशाला सांगू.

आईचा पाय वाचला. त्यानंतर काका पेला दिलेल्या प्रत्येक घरी चष्म्याचं घर घेऊन गेले. बोरी अरबच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे एसटीने जाऊन आले. सत्तरी उलटलेल्या, गल्लीत मान असलेल्या माणसाने दारोदार स्वतःचं खोटं सांगत फिरायचं! एकदा मी सोबत होते. त्या घरच्या माणसाने पेला अंगणात भिरकावला. काकांनी तो उचलून पिशवीत टाकला आणि "गोळी चुकवू नका बाप्पा," एवढंच म्हणून ते निघाले.

परत येताना त्यांनी सांगितलं की त्यांच्या स्वतःच्या पेल्यातलं पाणी कित्येक वर्षांत रंगलं नव्हतं. लाकडाचा कस केव्हाच संपला होता.

"मग काहून भरता रोज?" मी विचारलं.

"संध्याकाळ झाली का तिची वेळ होते ना," ते म्हणाले. माझा राग तिथेच गेला.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. त्यांच्या मुलाने पेला आणि चष्म्याचं घर आईला आणून दिलं. आई आता रोज सकाळी त्या चष्म्याच्या घरातून गोळी काढते, त्या पेल्यातल्या साध्या पाण्याबरोबर घेते आणि शेजारच्या बंद घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगते, "घेतली हो, भाऊजी!"