आजारपणातली हजेरी

माझं शुद्धलेखन चुकतं, अक्षरही वेडंवाकडं येतं, त्याबद्दल माफी असावी. शाळा चौथीतच सुटली. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी लिहिते.

मी जळगावात डाळ मिलमध्ये डाळ निवडते. पगारातून विम्याचे पैसे कापतात. ते कशाचे, हे मला कावीळ झाली तेव्हा कळलं. विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दाखला दिला. म्हणाले, "घरी पडून राहा. अर्ध्याहून जास्त पगार मिळेल. हक्क आहे तुमचा." हक्क हा शब्द माझ्याशी बोलताना आजवर कोणी वापरला नव्हता.

पण आमच्यात बाई आजारी पडली की तिच्या जागी घरातली दुसरी जाते, नाहीतर जागा जाते. मुकादम भाऊंनी निरोप दिला, "जागा खाली ठेवू नको, तुनी देरानीले धाड." मी धाकट्या जावेला पाठवलं. हजेरी माझ्या नावावर लागली. त्या दिवसांचा पगार मी तिलाच दिला. ती रोज आली की हसायची, "अक्का, तू खाटवर बी शे नि मिलमा बी शे. संत व्हयनी का तू?"

मलाही हसू यायचं. विम्याचे पैसे आले ते औषधात, दुधात आणि घरभाड्यात गेले.

पुढे विम्याच्या ऑफिसात बोलावणं आलं. आदल्या संध्याकाळी मुकादम भाऊ दारात उभे. "बदलीनं नाव काढशी तं बठ्ठासनं काम जाई." म्हणजे माझ्या जागी दुसरी गेली हे बोलले, तर आम्हा सगळ्या बायांचं काम जाणार.

साहेब ओरडले नाहीत. "बाई, पैसे घेतले त्या दिवसांत तुम्ही कामावर हजर दिसता."

"आजारी होते साहेब. डोळे पिवळे झाले होते."

"मग मिलमध्ये कोण होतं?"

त्यांनी पुन्हा विचारलं.

"मीच होते," म्हटलं.

आजारपणाचा पगार हवा तर कामावर गैरहजर राहावं लागतं, आणि गैरहजर राहिलं की काम जातं. मग आमच्यासारखीनं आजारी पडायचं तरी कसं, एवढंच साहेबांना विचारायचं होतं.

सगळे पैसे परत मागितले. जाऊ म्हणाली, निम्मे मी देते. तिच्याकडून कसे घेणार? तिनं तर काम केलं होतं. थोडे थोडे भरायची सवलत मिळाली. दर पगाराला आधी तेच बाजूला काढायचे, मग किराणा.

परवा शेवटचे भरले. खिडकीतल्या बाईंनी पावती सरकवली आणि म्हणाल्या, "पूर्ण फिटलं बरं का."