इटलीच्या मोटारीला जर्मनचं ठिगळ

समजा, तुमच्यासमोर एका मोटारीचं नाक आहे. जुनी विलायती मोटार, दोनच माणसांनी बसायची, वर छप्पर नाही. नाकापासून काचेपर्यंतचा पुढचा सगळा भाग म्हणजे एकच सलग पत्रा. तो कुठल्या साच्यातून निघालेला नाही. इटलीतल्या कुठल्याशा कारखान्यात कुणीतरी हातानं ठोकून ठोकून त्याला ती गोलाई दिली आहे. ते नाक कडुलिंबावर आदळून आत बसलंय आणि तुम्हाला ते बाहेर काढायचंय. हातोडी जोरात बसली तर पत्रा चिरेल. हळू बसली तर तो हलणारच नाही. आणि बिघडलं तर दुसरं नाक अख्ख्या हिंदुस्थानात मिळणार नाही. कुठून सुरुवात कराल?

मलप्पानं सुरुवातच केली नव्हती. गाडी त्याच्या शेडमध्ये आल्यापासून तो तिच्याभोवती नुसता फिरत होता.

मलप्पा मूळचा औशाचा. बाप तांब्याचे हंडे-घागरी घडवायचा, तेच हाही शिकला. तांबं भट्टीत घालायचं, लालबुंद झालं की बाहेर काढून पाण्यात बुडवायचं, मऊ पडलं की ठोकायचं. ठोकून ताठ झालं की पुन्हा भट्टी. हात काय करतात ते त्याला बघावंही लागायचं नाही, डोळा फक्त रंगावर.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. लोकांनी घरातली तांब्या-पितळेची भांडी मोडीत घातली. मोडीच्या दुकानात भांडी चेपून गठ्ठे करायला माणूस हवा होता, ते काम मलप्पाला मिळालं. त्यानं स्वतः घडवलेले हंडे स्वतःच्या हातानं चेपले. पुढं लोकांनी स्टीलची आणि प्लॅस्टिकची भांडी घेतली, तांब्याकडं परत कुणी आलं नाही. मलप्पा लातूरला आला आणि औसा रस्त्यावर ट्रकचे मडगार्ड सरळ करू लागला.

लातूर जिल्हा झाला तेव्हा त्याच्या शेडपुढून सरकारी जीपा पळू लागल्या. त्याच सुमारास पावसानं ओढ दिली. पुढच्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या, गल्लीत टँकर येऊ लागला. अशा दिवसांत डाळमिलवाले गुरुबसप्पा ही मोटार घेऊन आले, तीही ट्रकवर चढवून. हैदराबादच्या एका जुन्या घराण्याकडून त्यांनी ती घेतली होती. नांदेडच्या भीमाशंकर मिस्त्रीनं इंजिन, चाकं, ब्रेक सगळं नव्यानं बसवलं होतं. नाक मात्र त्यानं हात जोडून परत पाठवलं होतं.

"इंग्रजाचं इंजिन आन् इटलीचं अंग," गुरुबसप्पा शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "शिंपी कसा मापानं कोट शिवतो? तसे तिकडं मोटारीचं अंग शिवून देणारे कारागीर हायेत. कळालं का?"

मलप्पानं आतून थोडा रंग खरवडला. टिचकी मारली. कान लावला.

"आप्पा, हे तर जर्मन हाय."

"जर्मन? अरं, इटली म्हणून राहिलो न् मी!"

"न्हाई, पत्रा जर्मनचा हाय. पातेल्याचा."

आमच्याकडं ॲल्युमिनियमला जर्मनच म्हणतात. ज्या घरात तांबं-पितळ परवडत नाही त्या घरातली भांडी जर्मनची. शेजारच्या हॉटेलातले लोक कपबशी हातात धरून फिदीफिदी हसले. गुरुबसप्पांचे कान लाल झाले.

"तोंड सांभाळ, मलप्पा. जिल्ह्याला वर्ष होणार हाय. व्यापाऱ्यांच्या मिरवणुकीत ही गाडी पुढं राहणार. नाकासकट. तुझ्यानं होत नसंल तर आताच सांग."

"होतंय की," मलप्पा म्हणाला.

पण जर्मन त्यानं कधी घडवलं नव्हतं. ट्रकचा लोखंडी पत्रा दणके सोसतो. हा पत्रा दोन ठोक्यांत ताठ झाला आणि तिसऱ्याला आतून बारीक चरचर ऐकू आली. म्हणजे तापवायला हवा, मऊ करायला हवा. तेवढं तर त्याला लहानपणापासून येत होतं. त्यानं गॅसची बत्ती पेटवली आणि डोळा रंगावर ठेवला.

रंग बदलेना. पत्रा पांढराच. त्यानं बत्ती थोडी जवळ नेली. लाल होईना. वाटलं, उन्हामुळं दिसत नसेल, म्हणून दारावर गोणपाट सोडलं. अंधारात तरी लाली दिसेल. नाही दिसली. अजून थोडं, अजून थोडं, असं करत असताना पत्र्याला घाम फुटल्यासारखा झाला आणि काही कळायच्या आत उजव्या दिव्याशेजारचा तुकडा गळून खाली पडला. अंगठा जाईल एवढं भोक.

ॲल्युमिनियम लाल होण्याआधीच वितळतं. इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात आम्हाला त्याचा वितळणबिंदू होता, पण तोपर्यंत ते रंग दाखवत नाही हे कुणी सांगितलेलं मला आठवत नाही. मलप्पाला तर आयुष्यभराच्या सवयीनं दगा दिला होता. तांब्याचा माणूस लालीवरच विसंबतो.

त्यानं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. "शिव शिव शिव." मग तेच गोणपाट काढून नाकावर टाकलं.

गुरुबसप्पा चार वेळा येऊन गेले. एकदा त्यांनी गोणपाटाला हात घातलाच.

"आप्पा, नका! गरम हाय."

"सकाळी बी गरमच होतं की रं?"

"हळूहळू थंड करावं लागतंय. इटलीचं हाय न्."

रस्त्यानं मोटारीचा हॉर्न वाजला की मलप्पा दचकून उभा राहायचा. शेवटी त्याच्या बायकोनं, नीलाबाईनं, गोणपाट उचलून पाहिलं.

"अगाई! उंदरानं कुरतडलं का काय?"

"बोंबलू नको."

"आता काय करता?"

"काय करू? हात लावला तर अजून गळंल. न्हाई लावला तर मिरवणूक जवळ आली. लातुरात कुणी पातेलं बी देणार न्हाई ठोकायला."

"हंड्याचं गेलं, आता मडगार्डाचं बी घालवा," नीलाबाई म्हणाली आणि आत जाऊन चुलीपुढं बसली. तिनं जर्मनच्या डेगचीत साबणाचं पाणी कपड्यांसाठी तापत ठेवलं होतं. तेवढ्यात गल्लीत आरोळी उठली, "टँकर आला!" ती घागर घेऊन धावली. टँकरवर भांडण झालं, नंबर मागं गेला. परत आली तेव्हा डेगचीतलं पाणी आटून गेलं होतं आणि साबण आतून काळाकुट्ट झाला होता.

"अवं, तुमी घरात असून बघाया येत न्हाई का?"

मलप्पानं चिमट्यानं डेगची उतरवली आणि गार झाल्यावर रागानं बाजूला सारायला गेला. त्याच्या अंगठ्याखाली डेगचीचा काठ आत दबला. ताज्या भाकरीसारखा. त्यानं दुसऱ्या बाजूनं दाबलं. तिकडंही दबला. काठ होता तसा पांढराच, पण साबण काळा पडला त्या वेळी जर्मन मऊ झालं होतं आणि वितळलं नव्हतं.

"साबण कुठाय?"

"कपडे धुता आता?"

"साबण दे गं!"

त्यानं सगळ्या नाकाला साबण चोळला. बत्ती लांब धरून फिरवत राहिला. साबण पिवळा पडला, तपकिरी झाला, काळा झाला, की लगेच बत्ती मागं. लाकडी मोगरीनं त्यानं पहिला ठोका दिला आणि नाक किंचित बाहेर आलं. पुन्हा साबण, पुन्हा बत्ती. नीलाबाई दारात उभी राहून म्हणत होती, "पुरे, पुरे, माझा साबण संपला," पण दुसरी वडी तिनंच आणून दिली.

भोक उरलंच होतं. जर्मन जोडायची विद्या त्याला येत नव्हती, रिव्हेट मारता येत होते. नीलाबाईची तीच डेगची त्यानं कापली. आतून ठिगळ लावायचं तर आतला जुना रंग काढायला हवा, म्हणून त्यानं सगळी आतली बाजू खरवडली. तेव्हा डाव्या दिव्याशेजारी त्याला आणखी एक ठिगळ दिसलं. जुनं. कारखान्यातल्या पहिल्या रंगाच्याही खालचं, आतून जोडून कानशीनं घासलेलं, बाहेरून पत्ता लागू नये असं. आदळताना त्याचा एक कोपरा सुटला होता; तिथून खालच्या भोकाच्या कडेवर त्यानं बोट फिरवलं. चिरलेल्या पत्र्याची कड धारदार लागते. ही ओठासारखी जाड आणि गोल होती, त्याच्या स्वतःच्या भोकासारखी. हे भोक ठोकर लागून पडलेलं नव्हतं. कुणाच्या तरी हातून गळलेलं होतं.

त्यानं नीलाबाईला हाक मारून दाखवलं.

"मग झालं की," ती म्हणाली. "त्यानं झाकलं, तुमी बी झाका. वरून रंग बसला की कोण बघतंय?"

मलप्पानं ठिगळ बसवलं, रिव्हेटची डोकी सपाट केली, वरून पुट्टी भरून घासलं. बाहेरून काही कळत नव्हतं. त्यानं ठरवलं होतं, बोलायचं नाही. पण गुरुबसप्पा आले, नाकावरून हात फिरवत "झालं का रं?" म्हणाले, आणि मलप्पाच्या तोंडातून निघून गेलं.

"आप्पा, एक भोक पडलं माज्याच्यानं. आतून ठिगळ हाय."

"कशाचं?"

"डेगचीचं."

गुरुबसप्पांनी वाकून आत हात घातला, रिव्हेट चाचपले.

"माज्या इटलीला डेगची लावली तू?"

"पत्रा एकच हाय, आप्पा."

"गप. कुणाला बोलायचं न्हाई."

पण हॉटेलवाल्यांनी ऐकलं होतं. मिरवणुकीत गाडी निघाली तेव्हा पोरं ओरडत होती, "जर्मन आली, जर्मन आली!" गुरुबसप्पा समोर बघून चालवत होते. मलप्पा सगळा रस्ता उजव्या दिव्याच्या बाजूनं चालला. प्रत्येक खड्ड्याला तो दिव्याशेजारी हात धरत होता. ठिगळ टिकलं. नाकाच्या रंगाचं काम मात्र गुरुबसप्पांनी दुसऱ्याकडून करून घेतलं होतं, आणि मलप्पाला लातुरात 'डेगची मिस्त्री' हे नाव पडलं ते पडलंच.

मी नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकत होतो तेव्हा त्याला भेटायला गेलो. त्याचे कान जरा मंद झाले होते. डाव्या बाजूच्या ठिगळाबद्दल त्यानंच सांगितलं; मी म्हणालो, गाडीची जुनी कागदपत्रं हैदराबादला सापडली तरी ते कुणी लावलं हे त्यात नसणार. तो हो हो म्हणाला, पण त्याचं लक्ष नव्हतं. मला नाक्यापर्यंत सोडायला आला आणि बस दिसू लागल्यावर त्यानं माझं मनगट धरलं.

"तुमी शिकलेले हाव, म्हणून इच्यारतो. त्या इटलीवाल्यानं आपल्या मालकाला सांगितलं असंल का वो?"