शिंकेची नोकरी

कापूस नाकाशी आला की मला शिंका येतात. जळगावच्या माणसाला असला रोग असणं म्हणजे कोळ्याला पाण्याची भीती वाटण्यासारखं. त्यात मला नोकरी लागली ती कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये, आलेल्या गाड्यांच्या चिठ्ठ्या लिहायची. एक-दोन शिंका असत्या तर कुणी काही म्हटलं नसतं. मला सात-सात येत, आणि अशा जोरात की गाडीचे बैल दावं तोडायला बघत. शेवटी शेठ वैतागले. म्हणाले, "अक्षर तुझं मोत्यासारखं आहे, पण तुझ्या शिंकांपुढे ते चिठ्ठीवर टिकत नाही. महिनाअखेर दुसरीकडे बघ."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाचोऱ्याकडच्या एका गावात माझं लग्न ठरलं होतं, आणि ते नोकरीवरच ठरलं होतं. मुलीच्या वडिलांना सगळे नाना म्हणत. ते स्वच्छ सांगून गेले होते, "नोकरी शे तर पोर शे." मुलीला मी एकदाच पाहिलं होतं, पण तेवढ्यात पुरता गारद झालो होतो.

मला वाचवलं आमच्या मुकादमांनी. म्हातारे मुसलमान गृहस्थ. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. कापूस कोरडा आहे की वजन वाढवायला त्यावर पाणी मारलंय, हे हात घालून सांगणं त्यांचं काम. पण थंडीत सकाळी सगळाच कापूस हाताला गार लागे आणि चाचांचा घोटाळा होई. अशाच एका सकाळी अख्खी गाडी रिकामी होत आली तरी मी आपला गप्प लिहितोय. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "क्यों, तबियत ठीक नहीं?" मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी गाडीच्या तळाशी हात घातला. कापूस ओलाचिंब! ओल्या कापसाची धूळ उडत नाही, आणि धूळ उडाली नाही की माझं नाक ढिम्म हलत नाही. चाचांनी लगेच मूठभर कोरडा कापूस माझ्या नाकाखाली धरला. सात शिंका. मग ओला धरला. काही नाही. म्हातारा आनंदाने नाचायचाच बाकी राहिला.

शेठनी मला चिठ्ठ्यांवरून उठवून फाटकाशी खुर्ची दिली. गाडी आली की मी कापूस हुंगायचा. शिंकलो की गाडी आत. साऱ्या मुलखात शिंक म्हणजे अपशकुन, पण आमच्या फाटकात शिंक ऐकून लोक देवाला हात जोडत. मी बाजारातून जाताना छाती काढून चालायला लागलो.

आणि एके दिवशी नाना आपली गाडी घेऊन आले. मी गाडीत तोंड खुपसलं. नाक स्वस्थ. दुसऱ्या बाजूने खुपसलं. तरी स्वस्थ. इतक्या वर्षांच्या शिंका, आणि नेमकी हवी तेव्हा एक येईना! शेजारी शेठ तपकीर ओढत उभे होते. त्यांच्या डबीतली एक चिमूट घेतली असती तर काम भागलं असतं, पण सारं फाटक माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी कसाबसा म्हणालो, "नाना, ओला शे."

नाना लालबुंद झाले. "मी पाणीना एक थेंब मारेल नही! आठेच उन्हमा पसारस. तू मझार उभा ऱ्हाय!"

त्यांनी सगळा कापूस अंगणात पसरला आणि मला त्याच्या मधोमध उभं केलं. दुपारभर मी उन्हात उभा, गुडघ्यापर्यंत कापूस. नाना समोर बसून एकटक माझ्या नाकाकडे बघत होते. लग्न मोडलं, असं मनात धरून मी अगदी रडकुंडीला आलो होतो. ऊन कलतं झालं आणि पहिली शिंक आली. मग उरलेल्या सहा. नाना उठले, धोतर झटकलं, म्हणाले, "आते गाडी मझार ले." लग्नाविषयी चकार शब्द काढला नाही. गाडी रिकामी करून निघताना मात्र त्यांनी चाचांना लग्नाचं आवतण दिलं, आणि माझा जीव भांड्यात पडला.

लग्नानंतर आठवडाभराने मी ही हकीकत बायकोला तिखटमीठ लावून सांगत होतो. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "पाणी मीच मारेल व्हतं. नाना बैल जुपत व्हतात तवय."

"का गं?"

"मन्हा बापले घाबरीसन तुम्ही खोटं बोलतस का, ते पाहनं व्हतं."