चालत वाजवलेली पहिली कॅसेट

सात डिसेंबर, रविवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आदरणीय हिरामण मास्तरांच्या पहिल्या कॅसेटचा जीव घेण्यात आला. शहाद्यात, अमृतमहोत्सव समितीच्या बैठकीत, खुद्द मास्तरांच्या समोर. मी तिथे होते. समितीने या गौरवग्रंथासाठी माझ्याकडे गौरवलेख मागितला आहे. तो देते, पण त्यात हेही येईल. छापताना नेमका एवढाच भाग गळेल असा मला संशय आहे, म्हणून लेखाची एक प्रत मी आधीच मास्तरांच्या घरी ठेवली आहे.

मास्तरांची माझी ओळख भांडणातून झाली. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, शहाद्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला नुकतीच आलेली. माझ्या खोलीमागे त्यांचा लग्नाचा बँड सराव करी आणि एकच ओळ कितीतरी वेळ घोळवी. यांना पुढचं येतच नसावं, असं मला वाटलं. तक्रार करायला गेले, तर मास्तरांनी क्लॅरिनेट बाजूला ठेवून मला खुर्ची दिली.

“मॅडम, वरात चालस तवलगून गानं. वरात थांबनी का मन्हं खरं काम. घोडा उभा, नवरदेव उभा, बाया ओवाळी ऱ्हायन्यात. गानं बंद करता येत नही, नवं धरता येत नही. पन ठेका उभा ऱ्हावाले नको!”

माझ्या भावाने परदेशातून आणलेली, फंक आणि सोल हे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं संगीत वाजवणाऱ्या एका बँडची तबकडी माझ्याकडे होती. तीत हेच होतं. बास आणि ड्रम एका जागी पाय रोवून घुमतात, ट्रम्पेट मधेच टोचून जातं. मी मास्तरांना ती ऐकवली. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, “तठे बी वराती थांबतस का, मॅडम?”

पुढे मास्तरांनी बास गिटार वाजवणारा एक मुलगा बँडमध्ये घेतला आणि कॅसेट काढायचं ठरवलं. धुळ्याहून ध्वनिमुद्रण करणारे गृहस्थ आले. त्यांनी सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं, आणि बँड गार पडला. जन्मभर चालत वाजवलेली माणसं, बसून त्यांना सूर सापडेना. तेव्हा मास्तरांनी कापसाच्या एका बंद जिनिंग कारखान्याच्या रिकाम्या शेडमध्ये मधोमध एकच माईक उभा केला आणि सगळा बँड त्याच्याभोवती गोल चालवला. म्हणून त्या कॅसेटमध्ये प्रत्येक वाद्य दुरून येतं, कानाशी येऊन बोलतं आणि निघून जातं. खाली चपलांचा आवाज सतत चालू. शेवटच्या संथ गाण्यात मास्तरांचं क्लॅरिनेट इतकं दूर जातं की ते आता परतत नाही असं वाटतं, आणि मग ते परततं. सोल म्हणजे काय, हे मला त्या तबकडीपेक्षा या शेडमध्ये अधिक कळलं.

ढोल सोमाचा होता. सोमा सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यावरचा, एका पायाने अधू. त्याच्या पावलांत एक लांब, एक तोकडं असा ठेका आपोआपच होता आणि मास्तरांनी सगळा बँड त्या पावलावर बसवला होता. तापीकाठच्या एका लग्नात या सोमाला जेवायला गोठ्याकडे बसायला सांगितलं. मास्तरांनी वाद घातला नाही. वरात मांडवाच्या दारात थांबली, आणि त्यांनी थांबल्या वरातीचा ठेका धरला तो सोडलाच नाही. नवरदेव घोड्यावर, बायका ताटं घेऊन ताटकळलेल्या. यजमान धावत आले. “मास्तर, आते बंद करा ना!”

“सोमा पंगतमा बसना का बंद करस,” मास्तर म्हणाले. सोमा पंगतीत बसला.

मला टायफॉइड झाला, तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी येताच मास्तरांचा बँड मुका होई. वरातीतल्या पाहुण्यांची कुरकुर त्यांनी अंगावर घेतली. मला हे शेजारणीकडून कळलं, त्यांच्याकडून कधीच नाही.

आता त्या रविवारचं. या ग्रंथाच्या मागच्या पानावरचा चौकोनी कोड मोबाईलवर टिपलात की जे वाजेल, ते त्या बैठकीत वाजवण्यात आलं. आवाजाचा चढउतार हा टेपचा दोष समजून सगळं एका पातळीवर आणलेलं. पावलं पुसलेली. सोमाच्या ढोलाच्या जागी यंत्राची धडधड. वाचकहो, ती मास्तरांची कॅसेट नाही.

मी मूळ टेप मागितली. समितीचे सचिव माझे जुने विद्यार्थी आहेत आणि डीजेचा व्यवसाय करतात; हे नवं रूप त्यांच्याच हातचं. ते आधी म्हणाले, टेप खराब झाली. मग म्हणाले, सुरक्षित आहे. कुठे, असं विचारलं तर म्हणाले, “आहे ना मॅडम! तुम्ही अजून पेपरच तपासताय का?”

“तपासते,” मी म्हटलं. “तूही अजून दुसऱ्याचंच उतरवून आणतोस.”

ही नुसती चूक असती, तर टेप समोर ठेवायला हरकत नव्हती. ती दाखवली जात नाही, कारण कोणी दोन्ही ऐकून पाहू नये. दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

बैठकीनंतर मी मास्तरांना रिक्षात बसवून घरी नेलं. वाटेत ते म्हणाले, “पोऱ्यास्नी मेहनत करेल शे, मॅडम. रागावू नका.” आणि थोड्या वेळाने, “पन मन्हा सोमा कोठे गया त्यामा?”

सोमाला जाऊन बरीच वर्षं झाली. त्याचा एक फोटोही नाही. तो माईकजवळून चालत जातो, तेवढाच त्या टेपमध्ये उरला आहे.

मास्तरांना उदंड आयुष्य लाभो, त्यांचा दमा त्यांना त्रास न देवो आणि क्लॅरिनेट फुंकण्याइतका श्वास त्यांच्या छातीत सदैव राहो. त्यांच्या कानांना काय हवं आहे, ते मी वर लिहिलंच आहे. तेव्हा समितीने मूळ टेप मास्तरांच्या हातात द्यावी, कोडमागचं गाणं बदलून मूळ रूपात ठेवावं, आणि टेप आजवर कोणाकडे व का होती याचं उत्तर सचिवांच्या सहीनिशी, लेखी, ३१ जानेवारीला सायंकाळी पाच वाजण्याच्या आत मला द्यावं. फोन करू नये. मी उचलणार नाही.